भिंती राहिल्या, काम कुठे गेलं? रूपांतरित कारखाना कसा वाचायचा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका घरावर अकरा पानं लिहिली होती. सरांनी ती तीन आठवड्यांनी परत दिली. त्यावर पेन्सिलने एकच ओळ होती, तीही शेवटच्या पानाच्या मागे: "इथे काम कोण करत होतं?"

मला राग आला होता. माझा विषय आहे उत्पादनाच्या जुन्या जागांचं राहत्या घरांत होणारं रूपांतर. म्हणजे गिरण्या, भट्ट्या, विणकरांच्या माड्या, कातड्याचे कारखाने, आणि आज तिथे थाटलेले संसार. मी भिंतींबद्दल लिहिलं होतं, छपराबद्दल, साहित्याबद्दल, प्रकाशाबद्दल. संदर्भही नीट दिले होते. अजून काय पाहिजे यांना, असं वाटलं.

आता तीन वर्षांनी ती पानं पुन्हा काढून वाचली. भाषा बरी आहे, मांडणी बरी आहे. पण ती समीक्षा नाही. वास्तुविशारदांनी स्वतःच्या प्रकल्पाबद्दल जे निवेदन दिलं होतं, तेच मी फुगवून अकरा पानांचं केलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, काहींची मुलाखत तोंडावर आहे. म्हणून या वेळी एकच घर घेते, त्याची समीक्षा करते, आणि ती करताना मी कुठे कुठे घसरले तेही सांगते.

घर कोणतं

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात ग्रेटन नावाचं गाव आहे. तिथे व्हिक्टोरियन काळातलं एक घर आहे, 'ग्रेड टू' दर्जाने संरक्षित. घराला जोडून वापरात नसलेला गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडे एका जुन्या चर्मपत्र-कारखान्याचे पडके अवशेष. मालकांचा पहिला बेत साधा होता: गोठा राहण्याजोगा करायचा, पडक्या भिंती पाडायच्या आणि त्या जागी घर वाढवायचं. विल गॅम्बल आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांनी त्यांना उलटं सुचवलं. पाडू नका, त्या भिंतींच्या आतच बांधा. इमारतीच्या आत इमारत.

मग जुन्या दगडी भिंतींच्या मधोमध दोन हलके खोके बसवले गेले. बाहेरून कॉर्टेन पोलाद, ओकचं लाकूड आणि जुन्या विटा. आत गोठ्याच्या तुळया उघड्या ठेवल्या, दगडी भिंतींचे सांधे पुन्हा भरले आणि त्यांवर चुन्याचा हात दिला. त्यात आजच्या पद्धतीचं, सरळ रेषांचं स्वयंपाकघर. प्रकल्पाचं नाव 'द पार्चमेंट वर्क्स', म्हणजे चर्मपत्राचा कारखाना. २०२० च्या सुमारास वास्तुकलेच्या संकेतस्थळांवर हे घर खूप फिरलं आणि तिथेच ते मला सापडलं.

मी हे घर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते एका कुटुंबाचं खासगी घर आहे. माझ्याकडे होते फोटो, आराखडे आणि वास्तुविशारदांचं निवेदन. ही मर्यादा पहिल्या पानावरच सांगायची असते. मी ती अकरा पानांत कुठेच सांगितली नव्हती. पहिली चूक इथे.

आधी श्रेय देऊ

समीक्षा म्हणजे दोष काढणं, असा आपल्याकडे समज असतो. व्हायव्हाला बसलेल्यांना तर तो हमखास असतो. पण चांगलं काय आहे ते नेमकं सांगता येत नसेल, तर वाईट काय आहे तेही नेमकं सांगता येत नाही.

या घराची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पाडकाम टळलं. मालकाला अडचण वाटणारी वस्तू हेच घराचं भांडवल आहे, हे पटवून देणं सोपं नसतं. दुसरी गोष्ट, नवं आणि जुनं वेगळं ओळखू येतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक तत्त्व आहे: जुन्या वास्तूत नवीन काही घालावंच लागलं, तर ते मूळ रचनेपासून वेगळं दिसावं आणि त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. इथे पोलादाचा खोका दगडी भिंतीची नक्कल करत नाही. कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं, ते लहान मूलही सांगेल.

तिसरी गोष्ट, पडकी भिंत पडकीच राहिली. तिच्यावर उरलेले थर चढवून 'मूळची' उंची देण्याचा मोह टाळला आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती या मोहाविरुद्धच. जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारतीचं खरं वय पुसलं जातं, ही त्याची तक्रार होती. त्या कसोटीवर हे घर उतरतं.

म्हणजे भिंतींच्या बाबतीत हे काम चोख आहे. माझी अकरा पानं इथेच संपली होती.

तीन आवाज वेगळे करा

अशा कुठल्याही प्रकल्पाबद्दल वाचताना तुमच्यासमोर एकाच वेळी तीन जण बोलत असतात: इमारत, फोटो आणि निवेदन. आपण ते एकच समजून वाचतो.

इमारत बोलते ती आराखड्यातून, मोजमापांतून, सांध्यांतून. फोटो बोलतो तो निवडीतून. कुठे उभं राहायचं, किती वाजता काढायचा, काय चौकटीबाहेर ठेवायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. वास्तुकलेच्या फोटोत ओट्यावर कुकर नसतो, दाराशी चिखलाचे बूट नसतात. निवेदन बोलतं ते विशेषणांतून. आणि बहुतेक संकेतस्थळं निवेदन थोडं इकडेतिकडे करून छापतात. त्यामुळे एकच मजकूर तुम्हाला पाच ठिकाणी भेटतो आणि पाच संदर्भ मिळाल्याचा भास होतो. मी तसे पाच संदर्भ दिले होते. प्रत्यक्षात तो एकच होता.

आता निवेदनातले शब्द बघा. 'ऐतिहासिक संदर्भ', 'ग्रामीण संदर्भ', जुन्याला जपणं, त्याचा गौरव करणं. सगळे शब्द सज्जन आहेत. पण कोणता इतिहास? इथे नेमकं काय चालायचं? पोलाद, ओक, वीट, चुना, दगड यांबद्दल ते निवेदन बोलतं. कातड्याबद्दल बोलत नाही. ज्या कामावरून घराला नाव मिळालं, ते काम फक्त नावातच उरलं आहे.

सरांचा प्रश्न मला इथे पहिल्यांदा कळला.

चर्मपत्र म्हणजे काय काम

कळलं तरी उत्तर देता येईना, कारण चर्मपत्र कसं करतात हेच मला माहीत नव्हतं. दुसरी चूक. वास्तूचा अभ्यास करणाऱ्याने त्या वास्तूतला धंदा शिकून घ्यायलाच हवा. निदान कागदावर तरी.

चर्मपत्र म्हणजे चामडं नव्हे. चामडं करताना कातडी कमावतात, म्हणजे झाडाची साल वगैरेंच्या रसात मुरवून तिचा गुणधर्मच बदलतात. चर्मपत्रात कमावणं नसतं. मेंढीचं, बकरीचं किंवा वासराचं कातडं आधी पाण्यात भिजवायचं. मग चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस ठेवायचं, म्हणजे केस सुटतात. केस आणि आतलं मांस खरवडून काढायचं. मग ते ओलं कातडं लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं. नुसतं खिळ्यांनी ठोकलं तर वाळताना फाटेल. म्हणून कडेला जागोजागी लहान गोटे कातड्यातच गुंडाळून त्यांना दोरी बांधतात आणि दोरी चौकटीच्या खुंट्यांना पिळतात. कातडं वाळत जातं तशा खुंट्या पिळत ताण वाढवायचा, आणि त्याच वेळी अर्धचंद्राच्या आकाराच्या सुरीने ते खरवडत राहायचं. हात जरा जास्त पडला की भोक. ताण, वाळणं आणि खरवडणं या तिन्हींच्या मेळातून कातड्याचं पान होतं.

हे काम अगदी मेलेलंही नाही. ग्रेटनच्या परगण्याला लागून असलेल्या बकिंगहॅमशायरमध्ये, न्यूपोर्ट पॅग्नेल इथे, विल्यम काउली ही १८७० पासूनची कंपनी आजही चर्मपत्र बनवते. ब्रिटिश संसदेचे कायदे कित्येक शतकं चर्मपत्रावर नोंदवले जात होते. २०१७ पासून ते कागदावर छापले जाऊ लागले, तेव्हा तिथे मोठा वाद झाला होता. म्हणजे ज्या घराबद्दल आपण बोलतोय तिथे एकेकाळी शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांची अशी पानं तयार व्हायची, ज्यांवर लोक कायदे आणि जमिनीचे व्यवहार लिहून ठेवत. किरकोळ धंदा नव्हे हा.

एवढं वाचून झाल्यावर एका रात्री मी ते फोटो माझ्या रूममेटला दाखवले. ती केमिस्ट्रीत पीएचडी करते. तिचे आजोबा कातडी कमवायचे. तिने फोटो एकेक करून पाहिले आणि म्हणाली, "छान आहे गं. पण पाणी कुठून यायचं? हौद कुठे होते? आणि वारा कुठल्या बाजूचा?"

तीन प्रश्न. माझ्या अकरा पानांत एकाचंही उत्तर नव्हतं. आणि ते सुचायला तिला व्हेनिस सनद वाचावी लागली नव्हती.

काम भिंतीत होतं का?

तिच्या प्रश्नांमुळे माझी सगळी मांडणी फिरली. चर्मपत्राच्या कामाला काय लागतं? भरपूर पाणी, चुन्याचे हौद, सांडपाणी जायला वाट, वाळवायला वारा, आणि शेजाऱ्यांपासून थोडं अंतर, कारण वास. यातलं भिंतीत किती आहे? जवळजवळ काहीच नाही. काम जमिनीत होतं, पाण्यात होतं, हवेत होतं. भिंत ही त्या कामाची सगळ्यात मुकी गोष्ट.

आता याची तुलना इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका ग्रामीण कामाच्या जागेशी करू. पेनाइन डोंगरांत, यॉर्कशायरच्या बाजूला, हातमाग विणकरांची दगडी घरं आहेत. खाली राहायचं, वरच्या मजल्यावर माग. मागाला उजेड लागतो, म्हणून वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांबच लांब रांग, मध्ये दगडाच्या उभ्या पट्ट्या. एकोणिसाव्या शतकात विणकाम यंत्रांच्या गिरण्यांत गेलं आणि त्या माड्या रिकाम्या झाल्या. आज त्यांतल्या कितीतरी घरांत साधी कुटुंबं राहतात. पण रस्त्यावरून वर पाहिलं की खिडक्यांची ती रांग विचारतेच: झोपायच्या खोलीला एवढा उजेड कशाला? हडर्सफील्डजवळ गोलकार इथे अशाच घरांत स्थानिक लोकांनी संग्रहालय केलं आहे, तिथे मागही आहेत.

विणकराच्या घरात काम खिडकीच्या रूपाने भिंतीत उतरलं होतं. त्यामुळे भिंत जपली की कामाची एक खूण आपोआप जपली जाते. लोहाराच्या भट्टीचं धुराडं तसंच. चर्मपत्राच्या कारखान्यात तसं होत नाही. तिथे भिंत जपली तरी काम निसटतं. ते जपायचं तर वेगळा प्रयत्न करावा लागतो: हौद कुठे होता ते जमिनीत दाखवणं, पाण्याची वाट उघडी ठेवणं, निदान चार ओळींत लिहून ठेवणं.

हाच माझ्या नव्या चॅप्टरचा मुद्दा आहे. भिंत वाचवणं आणि काम वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर धंद्याप्रमाणे बदलतं. संवर्धनाची भाषा इमारतीची भाषा असल्याने हे अंतर तिला दिसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बुर्रा सनदेने जागेच्या महत्त्वात तिथला वापरही धरला, हा मोठा बदल होता. पण रूपांतरित घरांवरचं बहुतेक लिखाण अजून दगड आणि लाकडापाशीच थांबतं.

चुना आणि गंज

आता या नजरेने त्या घरातली दोनच द्रव्यं पुन्हा पाहू.

एक, चुना. दगडी भिंतींवर चुन्याचा हात देण्यात तांत्रिक चूक काहीच नाही. जुन्या भिंतीला चुनाच मानवतो, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडतं. पण निवेदनात चुना येतो तो भिंतीवर उमटणाऱ्या ढगाळ, फिक्या-गडद रंगासाठी. या जागेवर चुन्याला दुसरा अर्थही आहे. याच द्रव्यात कातडी दिवसेंदिवस भिजत असणार आणि ती काढणाऱ्याच्या हातांना तो खात असणार. एकच पदार्थ, एकदा हौदात आणि एकदा भिंतीवर. वास्तुविशारदाला हे सुचलं असतं तर त्या भिंतीला वेगळंच वजन आलं असतं. आहे त्या वर्णनात ती फक्त सुंदर भिंत आहे.

दोन, कॉर्टेन पोलाद. या पोलादावर मुद्दाम गंजाचा थर येऊ देतात आणि तोच थर पुढचा गंज रोखतो. तांबूस तपकिरी रंग येतो. साहित्याची निवड 'ग्रामीण' परिसराशी नातं सांगते, असं निवेदनाचं म्हणणं. पण ग्रेटनपासून काही मैलांवर कॉर्बी आहे. १९३० च्या दशकात तिथे स्टुअर्ट्स अँड लॉइड्स कंपनीने प्रचंड पोलाद कारखाना उभा केला. आसपासच्या शेतांतून लोहखनिज काढलं जात होतं. कामाला इतके लोक स्कॉटलंडहून आले की कॉर्बीला 'लिटल स्कॉटलंड' म्हणू लागले. १९८० मध्ये तिथलं पोलाद बनवणं बंद झालं आणि हजारो माणसं घरी बसली. त्या टापूत पोलाद ही शांत खेड्याची खूण नाही. ती कामाची आणि काम जाण्याची खूण आहे. तिथे गंजलेल्या पोलादाचं घर उभारायचं आणि त्याला फक्त 'ग्रामीण' म्हणायचं, म्हणजे कॉर्बीच्या माणसांना तिथून वगळायचं.

वास्तुविशारदांनी हे जाणूनबुजून केलं, असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे पुरावाही नाही. 'ग्रामीण' हा शब्द आपल्याला हिरवळ दाखवतो आणि कारखाना लपवतो, एवढंच मी म्हणते. समीक्षकाचं काम हेतू शोधणं नाही. शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो, ते सांगणं आहे.

सिद्धांत चिकटवू नका

इथे मी तिसरी चूक करणार होते, थोडक्यात वाचले. शॅरन झुकिन यांचं १९८२ चं 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक या विषयातलं पायाभूत मानतात. न्यूयॉर्कच्या सोहो भागात लहान कारखान्यांच्या माळ्यांवर आधी कलाकार राहायला गेले, मग ते राहणं श्रीमंतांची हौस झाली, जागांचे भाव वाढले आणि उरलेसुरले उद्योग बाहेर फेकले गेले, अशी ती मांडणी. मी लगेच वाक्य तयार ठेवलं होतं: ग्रेटनमध्येही हेच झालं.

तसं झालेलं नाही. ग्रेटनमध्ये घर होण्याआधीच कारखान्याचे अवशेष झाले होते. कुठल्याही कामगाराला तिथून उठवलेलं नाही. झुकिन यांचा सिद्धांत चालू धंदा हुसकावला जातो त्याबद्दल आहे. इथे धंदा आधीच गेलेला आहे आणि प्रश्न त्याच्या आठवणीचा आहे. दोन्हींत फरक आहे. मोठं नाव मिळालं की आपल्या सामग्रीला त्याचा सदरा चढवायची घाई होते. बटणं लागत नसली तरी.

आणि हौद बुजवले तेव्हा

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झाला चॅप्टर. काम पुसलं गेलं, ते पुसलं जाऊ नये. मी हे रूममेटला उत्साहाने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि तिच्या घराबद्दल सांगितलं.

त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती, त्यात चुन्याचे आणि सालीचे हौद. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी वडिलांनी हौद बुजवले, कोबा केला, शेडच्या दोन खोल्या केल्या. एका खोलीत तिने दहावी-बारावीचा अभ्यास केला. "हौद बुजवले त्या दिवशी आईने पेढे वाटले," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्या माणसाने घरात पाऊल टाकताना नाकाला रुमाल लावला नाही, असा पहिला दिवस. आता कुणी संशोधक येऊन म्हणाला, तुमच्या हौदांची खूण जपायला हवी होती, तर आई त्याला चहासुद्धा देणार नाही."

महाराष्ट्रात कातड्याचं काम म्हणजे नुसता धंदा नव्हता, जात होती. गावाच्या कडेला घर, वाट्याला आलेला वास आणि त्यावरून झालेला अपमान हे सगळं त्या हौदांत होतं. इंग्लंडमधल्या चर्मपत्र-कारागिराची गोष्ट तशीच होती, असं मी म्हणू शकत नाही. तिथल्या वर्गाची आणि इथल्या जातीची बेरीज करता येत नाही. पण तिच्या बोलण्याने माझा प्रश्न सुधारला. काम पुसलं गेलं की नाही, एवढंच विचारून भागत नाही. कुणी पुसलं, हेही विचारायला हवं.

रूममेटच्या घरी ज्यांनी ते काम केलं, त्यांनीच ते मिटवायचं ठरवलं. तो त्यांचा हक्क होता आणि ते मिटवणं हीच त्या घराची खरी कहाणी आहे. ग्रेटनमध्ये काम करणारे केव्हाच गेले. त्यांना कुणी विचारू शकत नाही. तिथे उरलंय ते नाव, आणि नाव ठेवणारे आज तिथे राहतात. नाव तर ठेवायचं, पण त्यामागचं काम सांगायचं नाही, ही माझी तक्रार. 'पार्चमेंट वर्क्स' या शब्दांनी घराला एक प्रतिष्ठा मिळते. ती ज्यांच्या कष्टांतून आली, त्यांचा उल्लेख चार ओळींचा तरी असावा. घराला दुसरंच काही नाव असतं, तर माझी ही तक्रार अर्ध्याहून कमी झाली असती.

दोन्ही रूपांतरांना आपण काय म्हणतो तेही बघा. तिथे 'अ‍ॅडॅप्टिव्ह रीयूज', इथे 'शेडच्या दोन खोल्या काढल्या'. एकावर लेख लिहिले जातात. दुसऱ्याचा आराखडाही कुणी काढत नाही. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल, तर तो इथे पडलेला आहे.

तुम्ही हे कसं कराल

असा अभ्यास करायला परदेशी जावं लागत नाही. इंग्लंडमधल्या जागेबद्दल मी हॉस्टेलच्या वायफायवर काय काय पाहते, ते सांगते.

१. संरक्षणाचा दर्जा. इंग्लंडची राष्ट्रीय वारसा यादी ऑनलाइन आणि मोफत आहे. निवेदनात लिहिलेला दर्जा जसाच्या तसा उचलू नका, यादीत शोधा. तिथल्या कायद्याचं एक कलम माहीत असू द्या: १९७९ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार, जिथे कुणी राहतं अशी वास्तू (राखणदाराचं राहणं सोडून) 'शेड्यूल्ड' स्मारकांच्या यादीत घालता येत नाही. म्हणजे स्मारक आणि घर यांच्यात कायद्यानेच भिंत घातली आहे.

२. जुने नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने मोठ्या प्रमाणाचे नकाशे मोफत पाहता येतात, इंग्लंडचेही. विहीर, ओढा, शेड, आवार, सगळं शोधा. रूममेटच्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला सुरुवात इथून.

३. माणसं. लेस्टर विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्यांत गावानुसार धंदे आणि नावं असतात. जनगणनेच्या जुन्या नोंदींत घरोघरचे व्यवसाय असतात. 'पार्चमेंट मेकर' आणि मेंढीची कातडी घेणारा 'फेलमाँगर', दोन्ही शब्द शोधा. डिरेक्टरीत मालकच जास्त सापडतो, मजूर आणि बायका कमी, हे ध्यानात ठेवा.

४. धंदा. ते काम आज करणारं कुणी आहे का पाहा. त्याला पत्र लिहा. किंवा त्यासारखं काम ज्यांच्या घरात झालंय, त्यांच्याशी बोला. मला माझ्या खोलीतच जाणकार भेटली आणि मी वर्षभर तिला विचारलं नव्हतं.

५. आधीचा आणि नंतरचा आराखडा शेजारी ठेवा. फोटो नंतर बघा. आराखड्यात कामाची जागा कुठे होती आणि आज तिथे काय आहे, ते पेन्सिलने लिहा. हौदावर सोफा आला असेल, तर ती माहिती आहे. त्यावर लगेच संताप नको.

६. वाक्यं तपासा. तुमच्या मजकुरातलं प्रत्येक विशेषण कुठून आलं ते विचारा. माझ्या अकरा पानांतली 'संवेदनशील', 'अलगद' आणि 'संवादी' ही तिन्ही निवेदनातून आली होती. आजच्या पोस्टमध्येही एखादं राहून गेलं असेल, तर पकडा.

नव्या मसुद्यात मी त्या घराबद्दल असं लिहिलं आहे: भिंतींशी ते प्रामाणिक आहे, कामाबद्दल मुकं आहे, आणि हे मुकेपण चर्मपत्रासारख्या धंद्यात भिंती जपूनही टळत नाही. एवढीच तीन विधानं. त्यांच्यासाठी पुरावा जमवायला अकरा पानांच्या पाचपट वाचावं लागलं. रूममेटच्या घराचं काय करायचं, ते मात्र मी एकटीने ठरवलेलं नाही. तिच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, लिही, पण गावाचं नाव घालू नको. चॅप्टरमध्ये गावाचं नाव नाही. इथेही नाही.

मसुदा मागच्या सोमवारी सरांकडे दिला. अजून परत आलेला नाही. आला की सगळ्यात आधी शेवटचं पान उलटून बघणार आहे.